वातीच्या कापसाची गादी

दिवाळीचे दिवे उतरले की जळगावच्या हवेत कापसाची लव उडायला लागते. वाळत घातलेल्या लुगड्यावर बसते, दुधाच्या सायीवर बसते, भाकरी थापताना पिठात मिसळते. जिनिंगचे भोंगे पहाटे ओरडतात, आणि रस्त्यानं कापसानं शिगोशीग भरलेल्या बैलगाड्या एकीमागं एक चालू लागतात. बाहेरगावचे पाहुणे म्हणतात, काय हो तुमचं गाव, भर उन्हात बर्फ पडल्यासारखं दिसतं! मी हसून चहा पुढं करते. मला त्या पांढऱ्या लवेकडं बघवत नाही, हे पाहुण्यांना सांगून काय करायचं?

यंदाही हंगाम आला आहे. लढाई संपली, साखरेचं रेशन तेवढं उरलं आहे, आणि गाड्या पुन्हा पूर्वीसारख्या रस्ताभर लागल्या आहेत. काल संध्याकाळी हे जेवता जेवता थांबले. घास हातातच राहिला. नाक वर करून म्हणाले, "कुठं तरी कापूस जळतोय."

दर हंगामात हे असंच म्हणतात. लढाईच्या आधीच्या त्या वर्षापासून.

तेव्हा हे एका मारवाडी पेढीवर कापसाचे पारखी होते. गावोगाव हिंडायचं, ढिगातला बोंडाचा कापूस चिमटीत धरायचा, दोन अंगठ्यांमध्ये तंतू ओढून त्याची लांबी बघायची आणि शेठजींसाठी माल ठरवायचा. कापूस बघताना यांचा चेहरा असा काही व्हायचा, की लग्नाच्या वेळी मला बघतानाही तसा झाला नव्हता. मी तसं बोलूनही दाखवायची. हे म्हणायचे, "तुझी पारख वडिलांनी केली. मला विचारतंय कोण?"

हिंडण्यासाठी शेठजींनी यांना फटफटी दिली होती. विलायती, पण जुनी. आधी कुठल्या तरी गोऱ्या साहेबानं वापरून टाकलेली. सावदा, बोदवड, पाचोरा, सगळीकडं हे तिच्यावरून जायचे. गल्लीत तिचा आवाज आला की पोरं धावायची आणि म्हाताऱ्या कानांवर हात ठेवायच्या. तिला एक खोड होती. थंडीत चालू करताना, किंवा बंद करता करता, ती उलटी शिंकायची. फाट्‌ असा आवाज व्हायचा आणि इंजिनाच्या मागं जिथं ती हवा ओढते, त्या पितळी तोंडातून बोटभर ज्वाळ बाहेर येऊन लगेच आत जायची. अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई (घरात सगळे त्यांना अक्काच म्हणत), फटफटी शिंकली की यांना निघू द्यायच्या नाहीत. "शिंक झायी. घडीभर बठ. पानी पे, मंग जाय." हेही निमूट खाली उतरायचे, ओट्यावर टेकायचे, घोटभर पाणी प्यायचे. यंत्राच्या शिंकेला अपशकुन मानणारं घर सबंध खानदेशात आमचं एकच असेल. मी तोंडाला पदर लावून हसायची.

त्या उन्हाळ्यात यांची कंबर गेली. आमचे रस्ते म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, मध्ये काळी ढेकळं, आणि फटफटीच्या सीटखाली दोन स्प्रिंगा. त्यांतली एक तुटली. लोहारानं जोडून दिली ती आखूड झाली. मग हे एका कुशीवर कलून गाडी चालवायचे, आणि घरी आले की खांबाला धरून वाकलेले उभे. मी तेल चोळायची, विटेचा शेक द्यायची. वैद्यांनी स्पष्ट सांगितलं, फटफटी सोडा नाही तर कायमचे वाकाल.

शेठजींच्या कानावर हे गेलंच. माणूस गोड बोलणारा. म्हणाले, "भाऊ, तकलीफ असेल तर संकोच करू नका. आमचा भाचा आलाच आहे. त्याला फटफटीचा मोठा शौक."

घरी येऊन यांनी ते वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं. भाच्याला फटफटीचा शौक होता, कापसाचा नव्हता, पण फटफटी ज्याची त्याची पारख, असा तो व्यवहार. दिवाळीनंतर हंगाम सुरू होणार. तोवर यांना नीट बसता आलं नाही तर गादीवर बसायला दुसरा तयार होता. आमच्या घरात त्या पावसाळ्यात दुसरा विषयच नव्हता. सून सासूला विचारायची, सासू लेकाला विचारायची: बसायचं कशावर?

आधी घोंगडीची घडी घालून पाहिली. ती वळणावर घसरायची आणि हेही तिच्याबरोबर घसरायचे. मग सायकलच्या दुकानवाल्यानं अक्कल चालवली. ट्यूब गुंडाळून, किंतानात शिवून, हवा भरून दिली. त्या हवेच्या उशीवर बसून हे चेंडूसारखे उडायचे. मी दारातून बघून इतकी हसले की अक्कांनी डोळे वटारले. एरंडोलच्या रस्त्यावर ती उशी अशी फुटली, की समोरून येणाऱ्या गाडीचे बैल शेतात पळाले. मग भुसावळच्या भंगारातून एका मोटारीची गादी आणली. ती होती छान, पण इतकी उंच, की हे वर बसले की पाय जमिनीला टेकेनात. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," हे म्हणाले आणि भिंतीला पाठ लावून बसले. त्या दिवशी मी हसले नाही.

मग मला गणपतकाकांची आठवण झाली. धुळ्याला माझ्या माहेरच्या गल्लीतले ते जीनगर. घोड्यांची खोगिरं, टांग्यांच्या गाद्या, चामड्याचं काय म्हणाल ते करायचे. मी लहानपणी त्यांच्या ओट्यावर कातड्याच्या कातरणांशी खेळलेली. दसऱ्याला माहेरी जाताना मी यांना म्हटलं, फटफटी घेऊनच चला. मी रेल्वेनं चाळीसगावावरून गेले, हे पारोळ्यावरून वाकत वाकत आले.

गणपतकाकांनी फटफटीभोवती एक फेरी मारली. "घोडं मोठं, पण पाठ लहान," म्हणाले. मग त्यांनी जे केलं ते मला अजून दिसतं. त्यांनी एका फळीवर चुलीतली चाळलेली राख पसरली, हातानं सारखी केली, वर जुनं धोतर अंथरलं आणि यांना म्हणाले, "बसा, भाऊ. जसे फटफटीवर बसता तसेच." हे बसले, उठले. काकांनी धोतर अलगद उचललं. राखेत यांचा ठसा उमटला होता, एका अंगाला खोल, दुसऱ्या अंगाला उथळ.

घोडेस्वाराचा भार कुठं पडतो ते पाहायची ही त्यांची जुनी रीत होती. ते खाली वाकून बोटानं मापं घेत होते. पण मला त्या ठशाकडं बघवेना. आमच्याकडं माणूस गेला की त्याची जागा सारवून तिथं पीठ पसरतात, वर पाटी झाकतात, आणि जीव कोणत्या जन्माला गेला ते पाहायला सकाळी त्यात ठसे शोधतात. माझ्या आजोबांच्या वेळी मी ती पाटी उचललेली पाहिली होती. मी तिथून उठून आत गेले. आईनं विचारलं काय झालं, तर म्हटलं, राख नाकात गेली.

गणपतकाकांनी गादीचा बेत सांगितला. स्प्रिंगा काढून टाकायच्या. लोखंडी पट्ट्यांची चौकट, तिच्यावर बाजेसारखी नवार ताणलेली, नवारीवर गोणपाट, त्यावर भरताड आणि सगळ्यात वर म्हशीचं कातडं. गादी रुंद हवी, बुटकी हवी आणि थोडी पुढं हवी, म्हणजे हँडल धरायला वाकावं लागणार नाही. सगळं पटण्यासारखं होतं. पुढं आलेलं तिचं टोक बरोबर त्या पितळी तोंडावर येत होतं, हेही आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळ्यांपुढं होतं, एवढंच.

"भरताड काय घालू? काथ्या की घोड्याचे केस?" काकांनी विचारलं.

हे दुखरी कंबर विसरून ताठ झाले. "काथ्या? अहो काका, खानदेशात राहून काथ्यावर बसायचं? कापूस मी आणून देतो."

गणपतकाका हसले. "खरंय, भाऊ. कापसापेक्षा मऊ काय शे?"

माझे वडील हसले, मीही हसले. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. आमचं अंथरूण कापसाचं, पांघरूण कापसाचं, जखमेवर कापूस, कानात कापूस, आणि शेवटी नाकातही कापूसच. ज्या गावात जिनिंगच्या फाटकावर माणसाचे खिसे चाचपून काड्यापेटी काढून घेतात, जिथं कापसात खडा गेला तरी ठिणगी पडेल म्हणून बायका दिवसभर खडे वेचतात, त्याच गावातली आम्ही माणसं. कापसाच्या गाठीत आग शिरली तर ती वर दिसत नाही, आतल्या आत दिवस दिवस धुमसत राहते, ही गोष्ट आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कापूस आमच्या इतका अंगाखालचा, की त्याची भीती आम्ही फाटकाच्या आतच ठेवून येत होतो.

आणि यांना साधा कापूस नको होता. पारखी ना! शेतातला पहिल्या वेचणीचा कापूस आमच्याकडं विकत नाहीत. अक्का तो देवाच्या वातींसाठी टोपलीत बाजूला ठेवायच्या आणि स्वतः हातानं सरकी काढायच्या. त्या वर्षीचा तो कापूस तर असा लांब तंतूचा, की हे टोपलीजवळ बसून नुसते बघत राहायचे. जळगावला परतल्यावर गणपतकाकांकडं पोचवायला यांनी ती टोपलीच उचलली.

अक्का आडव्या आल्या. "हाई वातीनी रूई शे. देवनी रूई. तीवर बठतस का कोनी?"

"अक्का, देवले यंदा दोन वाती कमी," हे म्हणाले. "मनी कंबर गयी ते घर कसं चालई?"

अक्का बाजूला सरल्या. लेकाच्या कंबरेपुढं देव काय बोलणार? पण त्या रात्रभर कुशी बदलत होत्या, हे मला शेजारच्या खोलीतून ऐकू येत होतं. वातीचा कापूस जळायसाठी असतो, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांना ते नीट मांडता आलं नाही आणि आम्हाला ते ऐकायचं नव्हतं.

गादी बसली आणि घरात सण आला. हे पहिल्याच दिवशी पारोळ्यापर्यंत जाऊन आले आणि फटफटीवरून उतरून ताठ उभे राहिले. ताठ! मला रडूच आलं. गल्लीतल्या प्रत्येकाला हे तिच्यावर बसवून बघायचे. पोस्टमास्तर बसले, भटजी सोवळं सांभाळत बसले. एका दुपारी फाटक लावून घेतलं आणि मलाही बसवलं. खाली कातडं थंड, त्याच्याखाली तो कापूस दबत गेला आणि मी हळूच खाली खाली गेले. माहेरी आल्यासारखं वाटलं. "कशी आहे?" यांनी विचारलं. मी म्हटलं, "शेठजींच्या भाच्याला सांगा, दुसरीकडं नोकरी बघ." हे असे हसले, की अक्का बाहेर आल्या.

कापूस बसून घट्ट होतो, म्हणून गणपतकाकांनी गोणपाटाचं पुढचं तोंड शिवलं नव्हतं, दोरीनं बांधून दिलं होतं. दर आठवड्याला हे खालून हात घालून कापूस पिंजायचे, फुगवायचे. हळूहळू त्या तोंडातून एक पांढरं बोंडूक बाहेर लोंबायला लागलं. मी ते दोनदा आत कोंबलं. ते पुन्हा बाहेर यायचं. आमची मांजर पंजा मारून त्याच्याशी खेळायची.

पौष लागला. त्या वर्षी थंडी बोचरी होती. गाड्यांचा नुसता पूर आला होता, आणि हे दिवसदिवस बाहेर. एका संध्याकाळी सावद्याहून आले, फाटकात फटफटी बंद केली, आणि बंद होता होता ती शिंकली. अक्का देवापुढं दिवा लावत होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं. पण आता हे निघणार नव्हते, आले होते. घरी पोचल्यावरच्या शिंकेला काय करायचं, याची रीत अक्कांकडंही नव्हती. त्या पुन्हा दिव्याकडं वळल्या.

सकाळी पाचोऱ्याला जायचं होतं. मी अंगण झाडायला गेले तर मांजर गादीवर मुटकुळं करून झोपलेली. शुक शुक केलं तरी उठेना. यांनी मानगूट धरून उचलली तर गुरगुरली. हे गादीवर बसले, आणि यांच्या चेहऱ्यावर सुख पसरलं. "अगं, शेकल्यासारखं वाटतंय. हात लावून बघ."

मी हात ठेवला. कातडं ऊबदार होतं. सुखाची ऊब, विटेच्या शेकासारखी. "मांजरीची पुण्याई," मी म्हटलं. हे हसले. चुली पेटल्या होत्या, गल्लीभर धूर होता, जिनिंगचा भोंगा वाजत होता. फटफटी एका लाथेत चालू झाली. त्या दिवशी ती शिंकली नाही. अक्का समाधानानं म्हणाल्या, "आज बठ्ठं चांगलं शे." सगळं चांगलं. हे वळणावर दिसेनासे झाले.

पुढचं मी पाहिलं नाही. पण पाहिलेल्या माणसांनी ते इतक्यांदा सांगितलं आहे, की आता ते माझंही झालं आहे.

पाचोऱ्याच्या एका जिनिंगपुढं गाड्यांची रांग लागली होती. पार गावाबाहेरपर्यंत, चाकाला चाक लागून, सगळ्या काठोकाठ भरलेल्या. हे रांगेच्या शेपटाकडून आले आणि यांना वास आला. जळत्या कापसाचा. तो वास पारख्याला चुकत नाही. यांनी फटफटी हळू केली, नाक वर केलं आणि ओरडले, "कुणाच्या गाडीत आग आहे! बघा रे! गाड्या बघा!"

गाडीवान उड्या मारून खाली आले. हे रांगेच्या कडेनं पुढं गेले. वास होताच. आणखी पुढं गेले. वास वाढला. मागं फिरले, तरी वास आहेच. यांना वाटलं, एक नव्हे, बऱ्याच गाड्यांत शिरली आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपण हसायला वापरतो. ज्याचं जळतं त्याला कळतं, अशीही एक म्हण आहे. यांचं जळत होतं, आणि त्या थंडीत यांना वाटत होतं, आज कंबर काय बरी आहे!

मग यांना एक म्हातारा दिसला. गाडीला टेकून उभा, आणि कानावर बिडी. हे उतरले. फटफटी त्याच्याच गाडीच्या चाकाशी उभी केली. "हंगामात बिडी? एवढ्या लोकांचं वर्ष जाळायला निघालास?" हे त्याच्या अंगावर ओरडले. म्हाताऱ्यानं हात जोडले, काही बोलायला गेला. यांनी ऐकून घेतलं नाही. चार जणांना हाक मारून त्याच्या गाडीतला कापूस खाली ओढायला लावला, आत आग आहे का बघायला. पांढरा ढीग रस्त्यावर सांडला, फटफटीच्या चाकापर्यंत. हे गुडघ्यांवर बसून त्यात हात घालून शोधत होते.

गाडीवर म्हाताऱ्याची सून बसली होती. तिला वरून दिसलं. "भाऊ, आठे काय धुंडी ऱ्हायनात? धूर तठे शे! तुमनीच गाडीले!"

हे वळले. गादीच्या पुढच्या तोंडातून धूर निघत होता, आणि ज्या क्षणी यांनी पाहिलं त्या क्षणी धुराची ज्वाळ झाली. ते लोंबतं बोंडूक जळत जळत खाली गळालं आणि सांडलेल्या ढिगानं पेट घेतला.

लोक मागं पळाले. पुढं मागं गाड्याच गाड्या, बैल जुंपलेले, वर बायकापोरं. फटफटीत पेट्रोल. ती तिथंच फुटली असती तर रांगेतलं काहीच उरलं नसतं. तिला ढकलत नेण्याइतकी यांच्या कंबरेत ताकद नव्हती. उभ्यानं चालवण्याइतकीही नव्हती. म्हणून हे तिच्यावर बसले. पेटलेल्या गादीवर बसले, लाथ मारली आणि ती सगळी रांग पार करून, उतारावरून नदीच्या पाण्यात तिला घेऊन गेले.

मागं म्हाताऱ्याच्या कापसाचा ढीग जळत होता. बाकीच्यांनी त्याची गाडी ओढून काढली, वर माती टाकली. रांग वाचली. एकाच माणसाचं वर्ष गेलं, आणि तेही त्याचं, ज्याच्याकडं आग नव्हती.

हे वाचले. वाचले म्हणजे उरलेला सगळा हंगाम दवाखान्यात पालथे पडून राहिले. मांड्यांचं आणि बैठकीचं काय झालं होतं ते मी इथं लिहीत नाही. पट्ट्या मी बदलायची, तेवढं पुरे. त्या पट्ट्यांवरही कापूसच असायचा. मी तो हातात घेतला की हे डोळे मिटून घ्यायचे. शेठजी एकदा येऊन गेले, गोड बोलले. फटफटी नदीतून काढली होती. तिच्यावर नवी सीट बसवून भाचा हिंडायला लागला होता. काथ्याची सीट.

गणपतकाका धुळ्याहून आले होते. दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. मीच बाहेर जाऊन त्यांना पाणी दिलं.

आणि एका दुपारी तो म्हाताराही आला. यांना मान वळवता येत नव्हती, म्हणून तो खाटेशेजारी जमिनीवरच बसला, यांच्या तोंडाजवळ. बिडी कानावर तशीच. मला वाटलं, आता हा शिव्या देणार, आणि द्याव्यातच.

हे जमिनीकडं बघत म्हणाले, "आबा, माफ करा."

म्हाताऱ्यानं बिडी कानावरून काढली, यांच्या डोळ्यांपुढं धरली. "भाऊ, हाई कोरी शे. हंगाममा मी पेत नही. नुसती कानवर ठेवस. आदत शे." मग म्हणाला, "तुमले वास तरी उना. आमले बठ्ठासले तो बी उना नही."

हे रडले. मी लग्नानंतर पहिल्यांदा यांना रडताना पाहिलं. म्हातारा खाटेच्या लाकडावर हात ठेवून बसून राहिला.

आता हे एका शाळेत कारकून आहेत. लाकडी स्टुलावर बसतात. कुणी उशी दिली तर घेऊन बाजूला ठेवतात. गंमत अशी की इतके दिवस पडून राहिल्यामुळं कंबर मात्र बरी झाली, वैद्य म्हणाले होते तशी. अक्का गेल्या. पहिल्या वेचणीचा कापूस मी अजून वातींसाठी ठेवते, पण टोपलीत नाही, पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून.

आणि दर हंगामात, लव उडायला लागली की यांना वास येतो. आधी हे घर धुंडाळायचे. माळा बघायचे, गाद्या उलट्यापालट्या करायचे, शेजाऱ्यांकडं जाऊन विचारायचे. शेजारी समजूतदार, पण किती दिवस? मग मी एक युक्ती काढली. वास आला असं म्हणाले की मी म्हणते, "उठा बघू." हे उठतात. मी यांच्या पाटावर हात फिरवते. पाट गरम असतो. "काही नाही," मी सांगते, "तुमचीच ऊब." मग हे परत बसतात आणि जेवतात.

यंदा मात्र बाहेरची हवाच वेगळी आहे. वर्तमानपत्रात रोज कुठलं ना कुठलं शहर दंग्यात पेटलेलं. समोरच्या ओट्यावर माणसं जमतात, पेपर मोठ्यानं वाचतात, आणि मला आमच्या गल्लीत कधी ऐकू आलं नव्हतं तसलं बोलणं आता ऐकू येतं. आग त्यांच्या मोहल्ल्यात आहे. त्यांच्या दुकानांत शोधा. त्यांच्या घरांत शोधा. परवा यांना राहवलं नाही. ओट्यापाशी जाऊन म्हणाले, "आधी आपल्या खाली बघा." माणसं हसली. यांची गोष्ट सगळ्या गावाला माहीत आहे ना. कुणीतरी म्हणालं, "भाऊंना परत वास यायला लागला वाटतं." हे घरात आले आणि दार लावून घेतलं. मला भीती वाटते, हे मी लिहूनच टाकते. हसणाऱ्या त्या माणसांतले निम्मे आमच्याकडं हळदीकुंकवाला येणाऱ्यांचे नवरे आहेत, आणि मी त्यांना ओळखते असं मला वाटत होतं.

तर काल जेवताना हे थांबले. "कुठं तरी कापूस जळतोय."

मी नेहमीसारखं म्हटलं, "उठा बघू." हे उठले. मी पाटावर हात फिरवला. "तुमचीच ऊब," म्हटलं. हे बसले. मी माझ्या पाटावरून उठून वाढायला वाकले, आणि वाकल्या वाकल्या थांबले. कारण वास मलाही आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अगदी बारीक, गोडूस, जळक्या वातीचा.

चूल विझलेली होती. देवापुढचा दिवाही शांत झाला होता. मी यांच्याकडं पाहिलं. यांना माझ्या तोंडावरून कळलं असावं. हे उठले, माझ्या पाटाशी आले आणि खाली वाकले. यांनी पाटावर तळवा ठेवला. मी वाट बघत उभी राहिले, की आता म्हणतील, तुझीच ऊब.

यांनी हात उचलला नाही.